१५२२ फूट

ऑगस्ट निम्मा सरला की गेवराई-माजलगावच्या पट्ट्यात एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो: पंधराशे बावीस. पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी, १५२२ फुटांना भरतो. पारावर, चहाच्या टपरीवर, बाजार समितीच्या ओट्यावर "किती झालं?" असं कुणी विचारलं की "पंधराशे अठरा" एवढं उत्तर पुरतं. कशाचे पंधराशे अठरा, हे विचारायची गरज कुणाला पडत नाही. उजव्या कालव्याला पाणी सुटणार की नाही, ते त्या आकड्यातच कळतं.

पेपरात मात्र त्याच बातमीच्या पुढच्या ओळीत ४६३.९०६ मीटर असं छापलेलं असतं. साठा दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये असतो, तोच कंसात टीएमसीत असतो आणि आवक क्युसेकमध्ये. एका पाण्याची चार मापं. त्यांतली दोन मीटरच्या घराण्यातली आणि दोन फुटाच्या. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट आणि क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी, हा हिशेब आमच्याकडच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला पाठ असतो. त्याच्या मुलाला भूगोलाच्या पेपरात तो आठवेलच असं नाही.

जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. दशमान मापांची सक्ती होऊन तेव्हा तीन वर्षं उलटली होती. तरी धरण फुटांत भरतं ते भरतंच. याचं एक कारण धरणाच्या नावातच आहे. जायकवाडी हे पैठणजवळचं गाव नाही, ते बीड जिल्ह्यातलं आहे. हैदराबाद संस्थान होतं तेव्हा गोदावरीवरचं धरण त्या गावाजवळ बांधायचा विचार होता. पुढे जागा वर पैठणला सरकली, नाव मात्र बीडचंच राहिलं. आखणीचा विचार निजामाच्या काळातला आणि त्या काळच्या नकाशांवरच्या उंच्या फुटांतल्या. कागद बदलले तरी बोलण्यातला आकडा हलला नाही. आणि तो मीटरशी भांडतही नाही. १५२२ ला ०.३०४८ ने गुणून बघा, ४६३.९०५६ येतात.

बीडच्या माणसाला हे दुहेरी बोलणं नवं नाही. निजामी अमलात तो दुहेरीच बोलत होता. आष्टी तालुक्याच्या पलीकडे नगर जिल्हा, म्हणजे इंग्रजी मुलूख. शीव ओलांडली की नाणं बदलायचं. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. शंभर कलदार रुपयांना ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै असा सरकारी भाव. सुटसुटीत करून सांगायचं तर सहा कलदाराला सात हाली. मध्ये करोडगिरीचं नाकं. बैल विकून आलेला शेतकरी नाक्यावर जकात भरून गावात यायचा आणि मिळालेल्या पैशांचा हिशेब सातला सहाने करायचा. दफ्तरात साल फसली. इसवी सन काढायचा तर त्यात ५९० मिळवायचे. कागद उर्दूत. पंचांग शकाचं. गावच्या कुलकर्ण्याच्या डोक्यात एका वेळी तीन कालगणना आणि दोन चलनं चालायची, आणि तरी त्याचा हिशेब चुकला असं सहसा व्हायचं नाही. चुकवला असं व्हायचं, ती गोष्ट वेगळी.

मापांची तऱ्हा याहून न्यारी. धान्य मोजायचं ते मापाने: चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली, मण, खंडी. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी. इथपर्यंत सगळे एकमताचे. किती पायलीचा मण, यावर बाजार बदलला की उत्तर बदलायचं. शिवाय माप सपाट की शिगेचं? शीग लावून मोजलेली पायली आणि हात फिरवून सपाट केलेली पायली यांत मूठ-दोन मुठी ज्वारीचा फरक पडतो. घेताना शीग आणि देताना सपाट, ही सावकाराबद्दलची जुनी तक्रार त्यातूनच आलेली. कापड हातावर आणि वारावर, विहीर परसावर. परस म्हणजे पुरुष. हात वर करून उभा राहिलेला माणूस हेच माप. 'सात परसाची विहीर' म्हटलं की एकावर एक सात माणसं डोळ्यांसमोर उभी राहतात. मीटरमध्ये ही सोय नाही.

आणि पाढे. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. माणसाचा देह स्वतःच्या हाताने साडेतीन हात, म्हणून औट हा आकडा आपल्या बोलण्यात आणि संतवाणीत सहज येऊन बसलेला. पण औटकी भक्तीसाठी नव्हती, ती बाजारासाठी होती. रुपयाचे सोळा आणे, शेराचे चार पावशेर, पावशेराच्या चार छटाका. सगळं चारने आणि सोळाने भागलं जाणारं. पावकी-निमकी पाठ असलेलं पोर दुकानात बसलं की कागद लागायचा नाही. पुढे दहाची पद्धत आली तेव्हा मापांबरोबर हे पाढेही निकामी झाले. त्या वेळच्या मास्तरांना खरी हळहळ वाटली असेल तर ती याची. मला स्वतःला वाटतं की ते पाढे पोरांच्या डोक्यावरून उतरले ते बरं झालं, पण अडीचकी तरी ठेवायला हवी होती. अजूनही रोज लागते.

मीटर मात्र मराठवाड्यात कायद्याच्या कितीतरी आधी आला होता. तो लोखंडाचा होऊन आला, ही गंमत फार थोड्यांना ठाऊक असते.

१८६९ साली लॉर्ड मेयो व्हाइसरॉय झाला. रेल्वेचा मोठा रूळ साडेपाच फुटांचा, बांधायला महाग. स्वस्तातला अरुंद रूळ किती रुंद असावा, यावर इंजिनीअरांचे वाद झाले आणि शेवटी मामला सव्वातीन फुटांवर, म्हणजे ३ फूट ३ इंचांवर आला. त्याच सुमाराला मेयोचं सरकार हिंदुस्थानात फ्रेंच दशमान मापं आणायच्या खटपटीत होतं. आता मीटरच येणार आहे, तर रूळही पुरा मीटरभरच करू, असा विचार झाला. ३ फूट ३ इंचांत ३/८ इंच वाढवले की मीटर होतो. मीटर गेज नावाचा जन्म असा झाला. १८७१ साली मापांचा कायदाही झाला. त्यातलं वजनाचं मूळ एकक होतं 'सेर', आणि हा सेर बरोबर एका किलोग्रॅमचा धरला होता. तो कायदा अमलात आला असता तर आपण आज किलो म्हणालोच नसतो, शेरच म्हणालो असतो, आणि शेर किलोभर भरला असता. पण ८ फेब्रुवारी १८७२ रोजी अंदमानात पोर्ट ब्लेअरला मेयोचा खून झाला. कायदा कागदावरच राहिला. रूळ मात्र पडत गेले.

१९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली, ती मीटर गेज. तिच्या वाटेत बीड नव्हतं. बीडचा सरकी-कापूस बैलगाडीनेच जालन्याला किंवा नगरला जायचा. पुढे परभणीहून एक फाटा परळीपर्यंत आला, तोही मीटरचाच. विकाराबादकडून परळीला आलेला रूळ मात्र साडेपाच फुटांचा. परळी वैजनाथाच्या दर्शनाला आलेल्या माणसाने त्या स्टेशनात एका बाजूला मीटर आणि दुसऱ्या बाजूला फूट असे दोन्ही पाहिले, फक्त त्यांची नावं त्याला कुणी सांगितली नाहीत. आज ज्याला आपण दशमान पद्धतीचा पाया म्हणतो तो मीटर बीड जिल्ह्यात परळीच्या खडीवर आडवा पडून होता, आणि त्याच्याकडे बघत लोक तिकिटाचे आणे मोजत होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचं राज्य संपलं. तिथून पुढची चौदा वर्षं बीडच्या माणसाने जेवढे बदल पचवले तेवढे मुंबई-पुण्याच्या माणसाच्या वाट्याला आले नाहीत. दशमान पद्धतीचा इतिहास लिहिणारे बहुधा दिल्लीत बसून लिहितात, त्यांच्या नजरेतून हे सुटतं. १९३० च्या आसपास बीडमध्ये जन्मलेला माणूस घ्या. अठराव्या वर्षी त्याचं राज्य बदललं. मग दफ्तराची भाषा बदलली. हाली सिक्का गेला, कलदार राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याचा जिल्हा हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. पाच महिन्यांत, १ एप्रिल १९५७ रोजी, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नये पैसे झाले. १ मे १९६० रोजी तो महाराष्ट्रात आला. आणि एप्रिल १९६२ पासून शेर-मणावर विक्री करणं गुन्हा ठरला. बत्तिशी गाठेपर्यंत त्याच्या खिशातलं नाणं दोनदा आणि राज्य तीनदा बदललं होतं. किलो आला तेव्हा त्याने 'आता हेही का?' एवढंच म्हटलं असेल, तर नवल नाही.

दिल्लीत त्यामागे बरीच तयारी झाली होती. कलकत्त्यात दशमान पद्धतीचा पुरस्कार करणारी मंडळी १९२८ पासून काम करत होती. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस, नियोजन आयोगातले पीतांबर पंत, भारतीय मानक संस्थेचे लालचंद वर्मन यांनी ही गोष्ट नेटाने लावून धरली. पंडित नेहरूंचा पाठिंबा होताच. १९५५ साली नाण्यांचा कायदा झाला, डिसेंबर १९५६ मध्ये वजनमापांचा. १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने अंमल सुरू झाला. किलो, मीटर, लिटर ही परकी नावं तशीच ठेवायची असं ठरलं. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. किलोलाच शेर म्हटलं असतं तर पुढची पन्नास वर्षं 'जुना शेर की नवा शेर?' यावर हाणामाऱ्या झाल्या असत्या.

नाण्यांच्या बाबतीत तसंच झालं. आण्याचे नये पैसे सव्वासहा, पण पाव पैसा नावाचं नाणं नाही. म्हणून सरकारने तक्ता काढला. एक आणा म्हणजे ६ नये पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. आता एकेक आण्याचा चहा तीनदा प्यायला तर अठरा पैसे होतात आणि तिन्हींचे पैसे एकदम दिले तर एकोणीस. एका पैशासाठी हॉटेलवाल्याशी वाद घालायला बीडमध्ये माणसं कमी नव्हती. १ जून १९६४ रोजी 'नया' शब्द गेला, नुसता पैसा राहिला. चार आणे मात्र बोलण्यातून गेले नाहीत. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ नंतर बंद झालं, तोपर्यंत लोक त्याला चार आणेच म्हणत होते.

वजनांचं तुलनेने सोपं गेलं. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम १० सेंटिग्रॅम. किलो त्याहून ६७ ग्रॅमने जड. गिऱ्हाइकाला वाटलं, माल जास्त मिळाला. दुकानदाराने भाव वाढवला तर वाटलं, लुटलं. खरं उत्तर पाठ करण्याइतकं सोपं आहे. पंधरा शेरांचे चौदा किलो, फरक जेमतेम साडेतीन ग्रॅमचा. पंधरा शेर गुळाला जे पैसे दिले तेच चौदा किलोला द्यायचे. आठवडी बाजारात नवी वजनं आली ती सहा कोनांची, बिडाची. वजन उलटं करून बघितलं तर बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं ओतलेलं असतं आणि त्या शिशावर निरीक्षकाचा शिक्का ठोकलेला असतो. शिसं खरवडलेलं दिसलं की वजन खोटं. अक्षर न येणाऱ्या बाईलाही बोट फिरवून कळावं असा तो बंदोबस्त होता. पायलीच्या शिगेला असा शिक्का कधीच मारता आला नसता.

पाणी अडलं ते लांबीत.

त्याआधी खुद्द फुटाचं काय झालं ते सांगायला हवं. मीटर जन्मला तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, अशी कल्पना. १७९२ ते १७९८ अशी सहा वर्षं देलांब्र आणि मेशां या दोघांनी डंकर्क ते बार्सिलोना हे अंतर मोजत काढली. त्यांच्यानंतर काही वर्षांतच आपल्याकडे विल्यम लॅम्बटन पृथ्वीचाच कंस मोजत दक्षिणेतून उत्तरेकडे निघाला होता. बीडच्या आग्नेयेला बीदरजवळ त्याने पायारेषा मोजली आणि पुढे १८२३ मध्ये हिंगणघाटला देह ठेवला. फ्रेंचांनी पृथ्वी मोजून माप काढलं, इंग्रजांनी माप हातात घेऊन पृथ्वी मोजली. फक्त ते माप जागोजागी तंतोतंत सारखं नव्हतं. हिंदुस्थानातल्या सर्वेक्षणाचा फूट, लंडनचा फूट आणि अमेरिकेचा फूट यांत दशलक्षांशाचे फरक होते. ओट्याची फरशी बसवताना ते दिसत नाहीत, हजार मैलांच्या नकाशात दिसतात. शेवटी १ जुलै १९५९ पासून इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी आपसांत ठरवलं की एक फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर. त्या दिवसापासून फुटाला स्वतःची व्याख्या उरली नाही. तो मीटरचा मांडलिक झाला. निजाम इंग्रजांचा मांडलिक होता, तसाच. मांडलिकाचं राज्य किती काळ आणि किती थाटात चालू शकतं, हे बीडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

बीडमधल्या कुठल्याही बांधकामावर जा. नगरपालिकेत मंजूर झालेला नकाशा मीटरमध्ये असतो: खोली ३.०५ गुणिले ३.६६. गवंडी तो कागद बघतो, बाजूला ठेवतो आणि म्हणतो, "धा-बाराची." त्याच्या टेपच्या एका कडेला इंच असतात, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. सेंटिमीटरच्या कडेवरचे आकडे कोरे करकरीत, इंचाच्या कडेवरचे अंगठ्याने घासून पुसट झालेले. "साडेनऊ फूट आन् तीन सूत," तो ओरडतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून थोडा जास्त. सळईच्या दुकानात बिल दहा एमएमचं होतं आणि मागणी 'तीन सुती'ची असते. वाळू ब्रासवर. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. गोदावरीच्या वाळूचं स्वामित्वधन महसूल खातं स्वतःच ब्रासवर आकारतं. दशमान कायदा ज्या सरकारने केला त्याच सरकारची वाळू शंभर घनफुटांत.

लुगड्याचंही तेच. नऊवारी म्हणजे नऊ वार, हिशेबाने ८ मीटर २३ सेंटिमीटर. कापड दुकानात मीटरपट्टी आली, पस्तीस वारांचे बत्तीस मीटर हा आडाखा गुमास्त्यांनी बसवला, पण 'सव्वाआठ मीटरी' असा शब्द कुठल्याही बाईच्या तोंडी आला नाही. सोनाराने त्याहून हुशारी केली. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. शब्द तसाच ठेवून माल दहा ग्रॅमचा केला. आजीने नातसुनेला 'पाच तोळे' द्यायचे कबूल केले असतील तर ते कुठल्या तोळ्याने, हा प्रश्न लग्नात विचारायची रीत नाही. फरक मात्र आठ ग्रॅमच्या वर पडतो.

पण हे सगळं चिल्लर. खरी मोजणी जमिनीची, आणि तिथे फरक चिल्लर राहत नाही.

निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत विभागणी केली. त्यानंतर संस्थानात जमिनीची मोजणी सुरू झाली, ती मुंबई इलाख्याच्या धर्तीवर. मुंबईची साखळी तेहतीस फुटांची, तिचे भाग सोळा, आणि त्या भागांचं नावही आणा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद तुकडा म्हणजे गुंठा: १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. रुपया आणि रान एकाच भाषेत मोजलं जाई, सोळा आण्यांत. दशमान पद्धत आल्यावर आपल्या सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आले. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर. गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ की आर हे गुंठ्याचं सरकारी नाव आहे, असा समज पसरला. आणि हेक्टर म्हणजे अडीच एकर, हे तर शाळेतल्या पोरालाही सांगता येतं. दोन्ही चूक.

अडीच एकर म्हणजे १,०८,९०० चौरस फूट. हेक्टर म्हणजे १,०७,६३९. फरक १,२६१ चौरस फुटांचा, गुंठ्याहून जास्त.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते बघा. साडेचार एकर रान, दोघे भाऊ. जुन्या कागदावर ४ एकर २० गुंठे, नव्या सातबाऱ्यावर १ हेक्टर ८२ आर. वाटणी झाली, दोघांच्या नावे प्रत्येकी ९१ आर. धाकटा म्हणतो, एक्क्याण्णव आर म्हणजे एक्क्याण्णव गुंठे, म्हणजे दोन एकर अकरा गुंठे. थोरल्याने साखळी धरली तर दोन एकर दहा गुंठेच भरतात. मधला गुंठा कुणी खाल्ला? कुणीच नाही. तो भाषांतरात गेला. पण तो गुंठा डांबरी रस्त्याच्या कडेला असेल तर त्यावर एक घर उभं राहतं, आणि त्यासाठी बांधावर कुऱ्हाडी निघतात. मोजणीचे अर्ज, हद्दीच्या खुणा, कोर्टाच्या तारखा यांत आमच्या जिल्ह्याची दोन-दोन पिढ्यांची कमाई गेली आहे. त्या सगळ्या भांडणांचं मूळ आर-गुंठ्यात नाही, हे खरं. पण काहींचं नक्की आहे, आणि ती गणकयंत्राने मिटण्यासारखी आहेत. गुंठ्यांना १.०११७ ने गुणा, आर मिळतील. वाटणीपत्रावर दोन्ही आकडे लिहा. एवढं केलं की धाकट्याच्या मनात किंतु राहत नाही.

आणखी एक. निजामाची मोजणी झालेलं संस्थान १९५६ मध्ये तीन राज्यांत वाटलं गेलं. तेलंगणात आजही जमिनीच्या दफ्तरात एकर-गुंठेच आहेत. बीदर कर्नाटकात गेलं, तिथल्या उताऱ्यावरही एकर-गुंठेच. हेक्टर-आर आले ते मराठवाड्याच्या वाट्याला. एका साखळीने मोजलेल्या तिन्ही रानांपैकी दोन अजून साखळीतच आहेत.

दुष्काळाच्या मापाचंही दशमान झालं, हे मात्र फारसं लक्षात घेतलं जात नाही. पीक किती आलं याचा सरकारी अंदाज पूर्वी आण्यांत. सोळा आणे म्हणजे भरघोस. त्याचं नाव आणेवारी. नये पैसे आल्यावर ती पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांच्या आत आली की गाव टंचाईत धरायचं. १९७२ च्या दुष्काळात आमच्याकडच्या माणसांनी खडी फोडली, त्यानंतरही पैसेवारी जाहीर झाली की तलाठ्याच्या दारात गर्दी होत राहिली. खेड्यातला म्हातारा आजही 'आणेवारी किती लागली?' असंच विचारतो. उत्तर पैशांत मिळतं, ते त्याला समजतं.

विहिरीच्या परसाचं काय झालं? विहिरी आटल्या, बोअर आले आणि परसाची जागा फुटाने घेतली. "चारशे फूट गेलो, धुरळाच निघाला." बोअरवाला फुटावर पैसे घेतो, केसिंग इंचात असतं, ठिबकची नळी मिलिमीटरमध्ये, आणि पाणी लागलं तर ते पुन्हा इंचात, 'दीड इंची'. भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे बीड-गेवराई रस्त्याकडेला १६०० मीटर पळतात. सोळाशे मीटर म्हणजे मैलाला नऊ मीटर कमी. मैल गेला, पोलीस भरतीत त्याची सावली राहिली. पोरांची उंची १६५ सेंटिमीटर भरावी लागते, आणि ती एकमेकांना सांगतात 'पाच-पाच'.

आता पुन्हा रुळांकडे. मीटर गेज म्हणजे मागासलेपण, अशी मराठवाड्याची पक्की धारणा झाली, आणि ती चुकीची नव्हती. मुंबईहून आलेला माल मनमाडला उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुंदीकरणासाठी वर्षानुवर्षं आंदोलन केलं. १९९२ मध्ये मनमाड-औरंगाबाद ब्रॉडगेज झालं, पुढे परभणी-परळीही. मेयोने घातलेला मीटर परळीच्या खडीवरून उचलला गेला. बीड शहराला तर तोही कधी मिळाला नव्हता. नगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाची वाट लोकांनी तीस वर्षं पाहिली. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीडपर्यंतची गाडी सुरू झाली. रेल्वेच्या कागदांवर तिच्या रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर असं लिहिलेलं आहे. ते साडेपाच फूट आहे.